सूथ, संत आणि होयबा : एका मावळलेल्या शब्दाची चौकशी

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मी शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' शिकवत होतो. पहिल्याच अंकात गर्दीतला एक माणूस सीझरला हाक मारतो आणि मार्चच्या मध्यावरच्या दिवसाला सांभाळून राहा, असे बजावतो. सीझर त्याला स्वप्नात वावरणारा ठरवून पुढे निघून जातो. नाटकात या माणसाला नाव नाही. 'सूथसेयर' एवढीच त्याची ओळख. मी शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, सूद करणं म्हणजे शांत करणं, समजूत घालणं. मग सूथसेयर म्हणजे समजूत घालणारा."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच हसलो. "अरे, हा माणूस समजूत घालतोय की घाबरवतोय?" असे विचारून त्याला खाली बसवले. 'सूथ' म्हणजे सत्य, सूथसेयर म्हणजे सत्य सांगणारा आणि म्हणून भविष्य सांगणारा, असे वहीत उतरवून घ्यायला सांगितले आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

माझे उत्तर परीक्षेपुरते बरोबर होते. पण त्या मुलाच्या कानाने 'सूथ' हे नाम आणि 'सूद' हे क्रियापद यांच्यात जे नाते टिपले होते, ते मी ऐकलेच नव्हते. निवृत्तीनंतर ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे खंड निवांतपणे वाचायला घेतले तेव्हा ते लक्षात आले. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. शब्दाचा जुन्यात जुना वापर आधी आणि मग क्रमाने पुढचे वापर, अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे अर्थ कसा घसरत गेला ते पायरीपायरीने दिसते. 'सूथ'च्या नोंदीत मला एका शब्दाचे मरण वाचायला मिळेल असे वाटले होते. मिळाली ती सत्याचे काय काय होऊ शकते याची हकिगत. ती आपल्या भाषेपासूनही फार लांबची नाही.

१

आधी या शब्दाचे कूळ पाहू. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे सांगितले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मातृ-मदर, भ्रातृ-ब्रदर ही उदाहरणेही पाठ असतात. 'सूथ'चे नाते मात्र असे वरवर दिसत नाही. ते पाहण्यासाठी एक छोटा नियम लक्षात घ्यावा लागतो.

इंग्रजी आणि तिच्या अगदी जवळच्या भाषांत 'स' किंवा 'थ' यांसारख्या घर्षक ध्वनीपूर्वीचा 'न' गळाला आणि त्याच्या बदल्यात आधीचा स्वर दीर्घ झाला. जर्मनमध्ये तो 'न' टिकला. म्हणून आपला हंस जर्मनमध्ये 'गान्स' आहे आणि इंग्रजीत 'गूस'. आपला दंत जर्मनमध्ये 'त्सान' आहे आणि इंग्रजीत 'टूथ'. 'भाषांतर', 'देशांतर' या शब्दांतला 'दुसरा' या अर्थाचा 'अंतर' जर्मनमध्ये 'आंडर' आहे आणि इंग्रजीत 'अदर'. आता 'दंत'च्या जागी 'संत' ठेवा. दंत जसा टूथ होतो, तसा संत काय होईल? सूथ.

ही शाब्दिक गंमत नाही. 'अस्' म्हणजे असणे. त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित 'सत्', म्हणजे असणारे, जे आहे ते. या 'सत्'चे बहुवचन 'सन्तः', आणि त्यावरून आपला 'संत'. सत्य, सत्त्व, सती, सज्जन ही सारी याच घरातली माणसे. त्याच धातूच्या त्याच रूपावरून जुन्या जर्मानिक भाषांत 'खरा' या अर्थाचा शब्द तयार झाला. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत 'खरे' यासाठीचा आजचा रोजचा शब्द याच मुळाचा आहे आणि त्यातला 'न' अजून शाबूत आहे. इंग्रजीत तो गळून 'सूथ' उरला.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. इंग्रजीतला 'सेंट' म्हणजे आपला 'संत'च, असे व्याख्यानांतून अनेकदा ऐकू येते. तसे नाही. 'सेंट' लॅटिनमधल्या 'सांक्तुस'वरून आला. त्याचे मूळ पवित्र करण्याच्या, विधीने बांधण्याच्या क्रियेत आहे. त्याचा 'असण्या'शी संबंध नाही. जो शब्द कानाला सख्खा वाटतो तो परका आणि जो ओळखू येत नाही तो सख्खा, असा अनुभव व्युत्पत्तीच्या वाटेवर वारंवार येतो.

'जे आहे ते सत्य' ही कल्पना आपल्याला प्रिय आहे. गांधीजींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत याच व्युत्पत्तीचा आधार घेतला. सत्य हा शब्द 'सत्'वरून आला, सत् म्हणजे असणे, म्हणून सत्याखेरीज काही अस्तित्वातच नाही, अशी त्यांची मांडणी आहे. मोठा विचार आहे. पण हा विचार धातूने आपोआप दिला असे मानता येत नाही, कारण हाच धातू लॅटिनमध्ये वेगळीकडे गेला. तिथे 'सोन्स' म्हणजे अपराधी. "तो तूच आहेस" असे ज्याच्याकडे बोट दाखवून ठरवले, तो. जुन्या नॉर्स भाषेत तर दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. 'सन्नर' म्हणजे खरा, आणि ज्याच्यावरचा आरोप खरा ठरला तोही सन्नर. एकाच मुळातून एकीकडे संत निघाला आणि दुसरीकडे गुन्हेगार. मूळ आपल्याला शब्दाचा पत्ता देते. घरात कोण राहायचे ते वापरणारी माणसे ठरवतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपल्या समाजाच्या नावात 'सत्य' घातले, पण त्याला 'शोधक' जोडले. जे आहे ते आयते हाती येत नाही, शोधावे लागते, हे त्या जोडणीत आले. ते कोणत्याही धातूत नव्हते.

२

मग 'सूथ' गेला कुठे? दहाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जुन्या इंग्रजीतील शुभवर्तमानांच्या भाषांतरात सत्य या अर्थी 'सूथफास्टनेस' या शब्दाचे जुने रूप येते. सत्य तुम्हांला मुक्त करील असे ख्रिस्त म्हणतो तिथे, आणि सत्य म्हणजे काय असे पिलात विचारतो तिथेही. यातला 'फास्ट' म्हणजे वेगवान नव्हे. 'स्टेडफास्ट'मधला तो, म्हणजे घट्ट, ठाम. सत्यावर घट्ट उभे असणे. मराठी वाचकाला यासाठी खटपट करावी लागत नाही. 'निष्ठा' या शब्दात 'स्था' आहे, उभे राहणे आहे. सूथफास्टनेस म्हणजे अवयवशः सत्यनिष्ठा.

चारशे वर्षांनी विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले तेव्हा त्याच जागी 'ट्रूथ' आला होता. या दोन शब्दांची गाठ त्याच काळातल्या चॉसरच्या एका छोट्या कवितेत पडते. आज ती 'ट्रूथ' याच नावाने छापली जाते. तिच्या पहिल्या ओळीत सूथफास्टनेस आहे आणि ध्रुपदात ट्रूथ. जुना भाडेकरू अजून घरात आहे, आणि नव्याने सामान आणून ठेवले आहे.

'ट्रू' या शब्दाचा मूळ अर्थ 'वस्तुस्थितीला धरून' असा नव्हता. त्याचा अर्थ होता विश्वासू, दिल्या शब्दाला जागणारा. त्याचे नाते 'ट्री'शी, म्हणजे झाडाशी, आणि पर्यायाने आपल्या देवदारातल्या 'दारु'शी आहे असे अनेक अभ्यासक मानतात. (दारु म्हणजे लाकूड. बाटलीतली नव्हे.) लाकडासारखा टणक, न वाकणारा माणूस तो ट्रू. म्हणजे जुन्या इंग्रजीत दोन खाती वेगळी होती. जे घडले ते सूथ. जे बोलून दिले आणि पाळले ते ट्रूथ.

चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली फ्रँकलिनने सांगितलेली कथा या दोन खात्यांच्या सीमेवर उभी आहे. डोरिजेनचा नवरा परदेशी गेला आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे काळे खडक पाहून, याच खडकांवर त्याचे जहाज फुटेल, या भीतीने ती झुरते. ऑरेलिअस नावाचा तरुण तिच्या मागे लागतो, तेव्हा त्याला वाटेला लावण्यासाठी ती थट्टेने म्हणते की, हे सारे खडक हलवून दाखव, मग मी तुझी. ऑरेलिअस एका विद्वान जादूगाराला हजार पौंड कबूल करतो आणि एके दिवशी खडक नाहीसे होतात. खरे तर 'नाहीसे झाल्यासारखे दिसतात'. चॉसरने हा फरक नीट राखला आहे. तोवर सुखरूप परतलेला नवरा सगळे ऐकून रडतो, पण बायकोला सांगतो की दिलेला शब्द पाळ.

या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यात आश्चर्य वाटते ते एका न घडलेल्या गोष्टीचे. खडक खरोखर गेले का, याची खातरजमा करायला किनाऱ्यावर कोणी जात नाही. सूथ एवढेच आहे की खडक जागच्या जागी आहेत. कथेतली सगळी माणसे ट्रूथसाठी तळमळतात आणि सूथ कोणीच विचारत नाही.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. हरिश्चंद्राने राज्य दिले ते स्वप्नात. निदान आपल्याकडे घरोघर सांगितली जाते त्या कथेत तरी तसेच आहे. जागेपणी काहीच घडलेले नव्हते. तरी राजा राज्य सोडतो, बायको-मुलाला विकतो, स्मशानात राबतो, आणि आपण त्याला सत्यवादी म्हणतो. त्याच्या या कसोटीला सत्त्वपरीक्षा म्हणतो. शब्द 'सूथ'च्या कुळातला, काम मात्र 'ट्रूथ'चे. मराठीत 'खरा' हा एकच शब्द दोन्ही खाती सांभाळतो. खरी बातमी आणि खरा मित्र, दोन्हीकडे तोच.

रिचर्ड फर्थ ग्रीन यांचे 'अ क्रायसिस ऑफ ट्रूथ' हे १९९९चे पुस्तक या प्रश्नावर प्रकाश टाकते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये साक्षीदारांपुढे तोंडी दिलेल्या शब्दाची जागा लेखी दस्तऐवज घेऊ लागला, आणि त्या काळात 'ट्रूथ'चा अर्थ माणसाच्या निष्ठेकडून वस्तुस्थितीकडे सरकला, असे ते साधार दाखवतात. माझ्या दृष्टीने याचा दुसरा अर्थ असा की, 'ट्रूथ'ने 'सूथ'चे खातेही आपल्याकडे घेतले. एका शब्दात दोन कामे होऊ लागल्यावर दुसऱ्याची गरज उरली नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'सूथ' बोलण्यातून गेला. पुढे वॉल्टर स्कॉट आणि त्याच्या समकालीनांनी जुन्या काळाचा रंग आणण्यासाठी त्याला पुन्हा लेखनात बोलावले, पण ते पाहुण्यासारखे. 'फॉरसूथ' हा 'खरोखर' या अर्थाचा शब्द तर त्याआधीच उपहासाचा झाला होता. आपण "हो, खरंच की!" असे ओठ मुरडून म्हणतो, तसा.

३

इथे हकिगत संपली असती तर मला हा लेख लिहावासा वाटला नसता. शब्द जातात. पण 'सूथ'चे एक अपत्य मागे राहिले आणि आज ते इंग्रजीत सर्वत्र आहे. तेच त्या मुलाने वर्गात उच्चारलेले क्रियापद, 'सूद'.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता एखादी गोष्ट खरी आहे असे सिद्ध करणे. तिथून ते 'दुसऱ्याचे म्हणणे खरे आहे असा दुजोरा देणे' इथवर आले. सोळाव्या शतकात दुजोरा देण्यासाठी म्हणणे खरे असण्याची अट राहिली नाही. एखाद्याच्या खोट्यालाही मान डोलावणे, त्याला बरे वाटावे म्हणून हो ला हो म्हणणे, असा अर्थ रूढ झाला. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात तडकफडक स्वभावाचा हॉटस्पर खुशमस्कऱ्यांना धुडकावतो तेव्हा त्यांच्यासाठी 'सूदर' हाच शब्द वापरतो. सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी दुजोऱ्याचा भागही गळाला आणि उरले ते फक्त शांत करणे, दुखणे हलके करणे. आज मलमाच्या डबीवर हा शब्द छापलेला असतो.

सिद्ध करणे, दुजोरा देणे, हो ला हो म्हणणे, गोंजारणे. चार पायऱ्या. प्रत्येक पायरी पहिलीला इतकी जवळ आहे की उतरताना कोणालाच आपण उतरतो आहोत असे वाटले नसेल.

या घसरणीची खूण दोन मोठ्या कवींच्या एकेका शब्दात सापडते. मिल्टनच्या 'कोमस'मध्ये (१६३४) एका मेंढपाळाचे वर्णन करताना 'सूथ'चे तमभाववाचक रूप येते. त्याचा अर्थ सर्वांत सत्यवचनी. कीट्सच्या १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस'मध्ये त्याच विशेषणाचे तरभाववाचक रूप येते, पण मेजवानीतल्या एका गोड पदार्थाच्या मऊपणासाठी. मिल्टनच्या लेखी जो खरा, तो कीट्सच्या जिभेवर मुलायम झाला. कीट्सने 'सूथ'चा अर्थ 'सूद'वरून लावला. माझ्या वर्गातल्या मुलानेही तेच केले होते. कीट्सच्या वापराला ऑक्सफर्ड कोशात स्वतंत्र अर्थ म्हणून जागा मिळाली. मुलाला हसे मिळाले.

४

आता मराठीकडे वळतो. कारण हाच उतार आपल्याकडे दोन अक्षरांत पुरा होतो.

आपला 'होय' हे मुळात क्रियापद आहे. संस्कृत 'भवति', प्राकृत 'होइ', मराठी 'होय'. म्हणजे 'आहे', 'असे आहे'. 'सत्य' आणि 'सूथ' हे 'अस्' धातूचे, 'होय' हा 'भू' धातूचा, पण दोघेही असण्याचीच ग्वाही देतात. कोणाच्या म्हणण्याला आपण 'होय' म्हणतो तेव्हा खरे तर "तसे आहे" अशी साक्ष देत असतो. या साक्षीला वडीलधाऱ्यांना हाक मारण्याचा 'बा' जोडला की झाला 'होयबा'. मग 'होय'चे तोंड जे आहे त्याच्याकडे राहत नाही, ज्याला बरे वाटायला हवे त्याच्याकडे वळते. इंग्रजीला 'सूथ'पासून 'सूदर'पर्यंत जायला काही शतके लागली. आपण एक संबोधन लावून काम भागवले.

दुसरा शब्द आपल्या साहित्यव्यवहारातलाच आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापतात त्या मजकुराला आपण 'पाठराखण' म्हणतो. कोणी रूढ केला ठाऊक नाही, पण शब्द प्रामाणिक आहे. सोळाव्या शतकातल्या 'सूद'चे मराठी भाषांतर करायला सांगितले तर मी हाच शब्द देईन. पाठीशी उभे राहणे. पुस्तकात काय आहे ते नंतर.

मी अशा पाठराखणी बऱ्याच केल्या आहेत. त्यांतली एक सांगण्यासाठी एवढी प्रस्तावना केली असेही कोणी म्हणेल. बारा वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा पहिला कवितासंग्रह निघाला. कविता तिच्या आईच्या आजारपणावर होत्या. सात-आठ चांगल्या होत्या. बाकीच्यांत दुःख होते, पण ते इतरांच्या कवितांतून उसन्या घेतलेल्या शब्दांत मांडलेले होते. मी हे स्वतःशी स्पष्टपणे नोंदवले आणि पाठराखणीत लिहिले की, हा संग्रह एका स्वतंत्र प्रतिभेची साक्ष देतो. 'साक्ष' हा शब्द मी निवडून घातला होता. प्रकाशनाच्या दिवशी, गर्दी पांगल्यावर, तिने मला बाजूला घेऊन विचारले, "सर, तुम्हाला खरंच तसं वाटलं ना?" मी म्हणालो, "होय."

तिला बरे वाटले. मलाही वाटले. आई नुकतीच गेलेल्या मुलीला त्या संध्याकाळी दुसरे काय सांगायचे, असा प्रश्न मी स्वतःला विचारून झालेला आहे आणि त्याचे उत्तर आजही सोपे नाही. समजूत घालणे हे वाईट काम नव्हे. मलमाची गरज असते. पण तिने मलम मागितले नव्हते. तिने सूथ विचारले होते आणि मी सूद केले. मी तिचा गुरू, म्हणून 'सर' या शब्दाला जागणे हे माझे ट्रूथ. आणि इथे त्या जुन्या दोन खात्यांचा हिशेब वेगळा लागत नाही. ज्याने खडक आहेत की नाहीत हे पाहिलेच नाही, त्याने पाळलेला शब्द समोरच्या माणसाला कुठे नेऊन सोडतो, ते डोरिजेनच्या कथेत दिसते. तिथे निदान ऑरेलिअसला शेवटी लाज वाटते आणि तो तिला मोकळे करतो.

तिचा दुसरा संग्रह आला नाही. त्याला माझी पाठराखण कारण आहे असे म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण ज्या सात-आठ कविता तिच्या स्वतःच्या होत्या, त्या कोणत्या, हे तिला सांगू शकणारा माणूस मी होतो आणि ते मी सांगितले नाही. समीक्षकाच्या हातात याहून फारसे काही नसते. सूथसेयर या शब्दाचा भविष्याशी संबंध नंतर आला. आधी तो केवळ जे आहे ते सांगणारा होता. सीझरच्या नाटकातल्या त्या बिननावाच्या माणसाचे मोठेपण तारीख बरोबर सांगण्यात नाही. ज्याला बरे वाटायला हवे होते त्याच्यासमोर, भर गर्दीत, त्याने 'होय बा' म्हटले नाही, यात आहे.

गेल्या महिन्यात कळले की त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मागचा मजकूर तोच ठेवू का, असे प्रकाशकांनी फोनवर विचारले. मी त्यांना थांबायला सांगितले आणि तिला चार पानी पत्र लिहिले. त्या सात-आठ कवितांची नावे आणि त्या का टिकतील ते दोन पानांत, बाकीच्यांविषयी दोन पानांत. बारा वर्षांपूर्वी 'होय' म्हणालो होतो ते कशासाठी, तेही शेवटी लिहिले. पत्र टाकून आता तीन आठवडे झाले. तिचे उत्तर अजून आलेले नाही.